तीनशे रुपयांचा दिवा आणि कानपूरचे धुके

गंगेच्या मैदानावर डिसेंबर-जानेवारीत धुके उतरले की बातम्यांत विमाने आणि आगगाड्या येतात. २०१५ च्या हिवाळ्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने हवामान विभागाच्या साथीने दिल्लीच्या विमानतळावर धुक्याचा सविस्तर अभ्यास हाती घेतला, तोही विमानांच्या अडचणी लक्षात घेऊनच. दृश्यमानता ५० मीटरच्या खाली गेली की हवामान विभाग त्याला अतिदाट धुके म्हणतो. सायकलस्वाराचा हिशेब मात्र याहून लहान असतो. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल सेकंदाला सुमारे ४ मीटर पुढे सरकते. अडथळा दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत ६ मीटर संपतात आणि चाके थांबेपर्यंत आणखी ३-४. म्हणजे त्याला दहा मीटर नीट दिसले पाहिजे.

मूळची साताऱ्याची आणि आता कानपुरात संशोधन करणारी एक विद्यार्थिनी या दहा मीटरांच्या शोधात होती. रात्रभर चालणारे प्रयोग आटोपून पहाटे पाचच्या सुमारास तीन किलोमीटर अंतरावरच्या खोलीवर परतायचे, हा तिचा शिरस्ता. त्यासाठी तिने सुमारे तीनशे रुपयांचा सायकलचा दिवा मागवला. खोक्यावर ‘१००० ल्यूमेन’ असे ठळक छापले होते, आणि आतल्या १८६५० आकाराच्या लिथियम घटावर ‘९९०० एमएएच’.

दुसरा आकडा वाचताच तिला हसू आले. १८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या या घटात चांगल्या कंपन्यांनाही साधारण ३५०० एमएएचच्या आसपासच धारणक्षमता बसवता येते. पहिला आकडा मात्र मोजून पाहण्याजोगा होता. वसतिगृहाच्या अंधाऱ्या व्हरांड्यात तिने दिवा भिंतीपासून दोन मीटरवर ठेवला आणि मोबाइलच्या प्रकाश-संवेदकाने नोंदी घेतल्या. मध्यभागी २६० लक्स, कडेला त्याहून बरेच कमी, सरासरी १५० च्या आसपास. प्रकाशाचे वर्तुळ एक मीटर व्यासाचे, म्हणजे क्षेत्रफळ ०.७८ चौरस मीटर. लक्स म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर पडणारे ल्यूमेन. म्हणून गुणाकार केला की वर्तुळातला एकूण प्रकाश निघतो : सुमारे ११७ ल्यूमेन. मोबाइलचा संवेदक ढोबळ असतो आणि थोडा प्रकाश वर्तुळाबाहेरही सांडतो, हे धरूनही हजार फार दूर राहिले.

तरीही दिवा टाकाऊ ठरला नाही. अंतर पाचपट झाले की प्रकाश पंचविसाव्या हिश्शावर येतो. त्या हिशेबाने दहा मीटरवर मध्यभागी दहा लक्स उरत होते. पौर्णिमेच्या चांदण्याच्या हे कितीतरी पट आहे. कोरड्या, स्वच्छ रात्री रस्त्यावरचा खड्डा ओळखायला तेवढे पुरले.

खरी परीक्षा जानेवारीतल्या एका पहाटे झाली. धुके इतके दाट होते, की रस्त्यावरचे दिवे नुसते पिवळे गोळे वाटत होते. तिने दिवा पूर्ण तेजावर नेला आणि समोर पांढरी भिंत उभी राहिली. त्या भिंतीतून अचानक एक सायकल बाहेर आली. दोन्ही बाजूंना दुधाचे डबे, दिवा नाही. दोघांनीही हँडल वळवले. डबे तिच्या कोपराला घासून गेले. म्हातारा दूधवाला पाय टेकून थांबला, डोळ्यांवर हात धरून म्हणाला, “बिटिया, बत्ती आँख में लग रही है. नीचे करो.”

त्या वाक्याने तिला एकाच वेळी दोन गोष्टी उमगल्या. तिचा दिवा तिला पुरेसे दाखवत नव्हता आणि समोरच्याचे दिसणेही हिरावून घेत होता.

धुक्याचे थेंब काही मायक्रोमीटरपासून काही दशक मायक्रोमीटरपर्यंतचे; दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे. त्यामुळे ते सर्व रंगांचे विकिरण जवळजवळ सारखेच करतात. तिने काचेवर पिवळा जिलेटिन कागद लावून पाहिला; फरक पडला नाही. तेज वाढवले तर खड्ड्यावरचा उजेड वाढतो, पण थेंबांवरून डोळ्यांत परतणारा पांढरेपणाही त्याच प्रमाणात वाढतो. गुणोत्तर हलत नाही. ते हलवायचे तर दिव्याची जागा हलवावी लागते.

दिवा हँडलवर असला की प्रकाशाचा झोत नजरेच्या रेषेला लागूनच जातो आणि डोळा नेमका उजळलेल्या धुक्यातूनच पाहतो. तिने दिवा पुढच्या चिमट्यावर, चाकाच्या आसाजवळ बांधला, किंचित खाली झुकवला आणि वरच्या बाजूला काळ्या पुठ्ठ्याचे झाकण लावले. पांढरी भिंत पूर्णपणे नाहीशी झाली नाही, पण डोळ्यांसमोरून खाली सरली. तिरप्या प्रकाशात खड्ड्यांच्या सावल्या लांब पडू लागल्या आणि ते आधी कळू लागले. एक तोटाही झाला : खालचा दिवा लांबच्या वाहनांना सहज दिसत नाही. म्हणून हँडलवर एक मंद दिवा आणि मागे लाल दिवा तिला वेगळा लावावा लागला. आणि त्या धुक्यात दहा मीटर तरीही भरले नाहीत. वेग कमी करण्याला पर्याय उरला नाही.

स्वस्त दिवा घेणाऱ्याने खोक्यावरच्या आकड्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. प्रकाश रस्त्यावर नेमका कुठे पडतो, आणि समोरून चालत येणाऱ्या मित्राला आपला चेहरा दिसतो की नुसता झगमगाट.

आठवड्याभराने तोच दूधवाला चहाच्या टपरीवर भेटला. तिच्या पिशवीत परावर्ती पट्टीचे उरलेले गुंडाळे होते. प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत धाडणारी ही पट्टी. तिला विजेची गरज नाही. तिने डब्यांच्या पुढच्या-मागच्या बाजूंना तिचे तुकडे चिकटवले. पुढच्या धुक्याच्या पहाटे तिला आधी चार चौकोन चमकताना दिसले आणि मग त्यांच्यामधला माणूस. ती वेळेवर बाजूला झाली. त्याच्या सायकलीला दिवा अजूनही नाही.