घास कुठं अटकते?

"बाबू, घास छातीत अटकते रे." माझी माय दोन वर्षं हेच सांगत होती. दिवसभर कुहीच्या सातऱ्यावर मिरचीचे देठ खुडायची. रात्री पेज पिऊन निजायची. मधरात्री तीच पेज नाकातोंडातून गोधडीवर. वस्तीनं निकाल दिला, "खर्रा खाते, कॅन्सरच हाय." दवाखान्यात तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत गॅसच्या गोळ्या हातावर पडायच्या.

नागपूरले एका डॉक्टरनं पहिल्यांदा विचारलं, "बाई, भाकर अटकते का पाणी?"

"दोनी. पयल्या दिसापासून."

"वजन?"

"हळूहळू उतरलं."

बेरियम पाजून फोटो काढला. अन्ननळी वर फुगलेली, खाली पाखराच्या चोचीसारखी निमुळती. दुर्बीण घातली, ती थोड्या दाबानं पोटात उतरली. गाठ नव्हती. रोगाचं नाव अकॅलेशिया. अन्ननळीच्या तळाशी स्नायूचं दार असते. त्याला उघडायला लावणाऱ्या मज्जापेशी मरतात, दार मिटूनच राहते. तो स्नायू कापायची शस्त्रक्रिया जर्मनीच्या हेलरनं १९१३ साली केली. तीच सुधारून आजही करतात. मायवर तीच झाली. आता माय जेवते.

शेजारच्या मामाजीचं मात्र उलटं झालं. उमर साठीच्या वर. आधी भाकर अटकली, मग पाणी. तीन महिन्यांत सदरा अंगावर लोंबू लागला. फोटोत तीच चोच! दुर्बीण मोठ्या जोरानं आत गेली. आतला तुकडा तपासला, रिपोर्ट साफ. अकॅलेशिया म्हणून घरी पाठवलं. पण कॅन्सर जठराच्या तोंडाशी, अस्तराच्या खाली दडला होता, अन् चिमट्यानं वरवरचाच तुकडा निघाला होता. सीटी स्कॅन झाला तवा वेळ गेली होती. मामाजी गेले.

दोस्तहो, दोघांचा फोटो सारखा. फरक फोटोच्या बाहेर होता: उमर, त्रासाचा काळ, वजन. पन्नाशी उलटलेली, दुखणं वर्षाच्या आतलं, माणूस झपाट्यानं वाळलेला, दुर्बीण अडलेली, असं असेल तर एका साफ रिपोर्टावर घरी येऊ नका. सीटी स्कॅनचं विचारा. गरज पडली तर तुकडा पुन्हा खोलवरून घ्यायला सांगा.

मजुराले कोणी पुरतं विचारत नाही. म्हणून आता वस्तीतलं कोणी दवाखान्यात निघालं का मी चिठ्ठी लिहून देतो: कवापासून, आधी काय अटकलं, किती किलो उतरलं. डॉक्टरनं नाही विचारलं तरी चिठ्ठी टेबलावर ठेवायची. अन् वाचल्याबिगर उठायचं नाही.