आंब्यातली उडी

गणपतीपुळ्याची गर्दी, रत्नदुर्ग, तीन खानावळींतले बेचव मासे, यात पहिले दोन दिवस संपले. समुद्र बघून मला कविता सुचत नाही, भूक लागते. मेच्या तिसऱ्या आठवड्यात रत्नागिरीकडे आलो होतो तो हापूस खायला, तोही पावस गावाजवळच्या एका सेंद्रिय बागेतला. आदल्या दोन रात्री पाऊस पडून गेला होता. मला तेव्हा ते बरंच वाटलं. उकाडा कमी झाला.

पडवीत बसवून बागवाल्या आजींनी आंबा कापला. वास असा, की पहिली फोड मी न बघताच तोंडात टाकली. दुसरी उचलली, तर तिच्यातून पांढरी अळी निघाली, धनुष्यासारखी वाकली आणि टुणकन ताटाबाहेर गेली. वळवळणारी अळी पाहिली होती. उडी मारणारी पहिल्यांदाच. मग पहिल्या फोडीची आठवण झाली.

"पाऊस लागला ना, आता माशी सुटली," आजी म्हणाल्या. "पंधरा दिवस आधी यायचंत."

फळमाशीची मादी पक्व होत आलेल्या आंब्याच्या सालीखाली अंडी घालते. बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण, आत अळ्यांची पंगत. पोट भरलं की उडी मारून मातीत शिरायचं आणि कोष करायचा. म्हणून आजींचे चिरंजीव रोज पडके आंबे वेचून खोल पुरतात. थंडीत मळभ आलं, तेव्हा तुडतुड्यांनी मोहोराचा रस शोषून पानं चिकट, काळी केली होती. निंबोळी अर्काच्या फवारण्यांनी वाचलं ते हे.

कलमांवर दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे 'रक्षक' सापळे टांगले होते. आत मिथाइल युजेनॉलचा ठोकळा. त्या वासाला फक्त नर येतात. माझ्या चेहऱ्यावरचा अविश्वास बघून आजींनी मला तुळशीपाशी नेलं. पानांवर पाच-सहा पिवळट माश्या चाटत बसल्या होत्या.

"हे सगळे बाप्ये," आजी म्हणाल्या.

तुळशीतही तोच पदार्थ असतो. मालात फळमाश्या सापडल्या म्हणून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्याला दार बंद केलं होतं. ते २०१५ मध्ये उघडलं. त्या माशीचे भाईबंद इथे वृंदावनावर निवांत बसले होते.

पेटी मागितली, तर चिरंजीव नाही म्हणाले. पावसानंतरचा आंबा ते विकत नाहीत. पुण्यात मी 'नैसर्गिक' या शब्दाला जास्तीचे पैसे मोजतो आणि डाग दिसला की तक्रार करतो. अळी हा सेंद्रियपणाचा दाखला नव्हे, हेही इथेच कळलं. रसायनं फवारलेल्या बागेतही माशी येते, आणि एकदा अंडं सालीखाली गेलं की वरच्या फवाऱ्याचा फारसा उपयोग नसतो.

तिसरी फोड उजेडात धरून पाहिली आणि खाल्ली. असा हापूस मी आजवर खाल्ला नव्हता. तुम्हाला जायचं असेल तर पहिल्या पावसाआधी जा. आणि आधी कापा, बघा, मग खा.