पाटीतले हात

खो-खोच्या पाटीत आम्ही आठ जणी उकिडव्या बसायचो. एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. टाचा उचललेल्या, दोन्ही हात पुढं जमिनीला टेकलेले, सगळा जीव पाठीत गोळा झालेला. माझा उजवा हात मात्र मातीवर ठरायचा नाही. शाळेनं सगळ्यांना एकाच मापाच्या तंग हाफ पँट आणल्या होत्या. बसलं की कड मांडीवर चढायची, आणि कुंपणाशी पोरं उभी असायची. एकदा खो पडला तेव्हा माझी बोटं त्या कडेतच होती. उठायला उशीर झाला, पळणारी खांबाला वळसा घालून निसटली. ‘‘लक्ष कुठं होतं गं?’’ बाई ओरडल्या. उत्तर होतं, पण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

2021च्या जुलैत बल्गेरियातल्या वार्नाला बीच हँडबॉलच्या युरोपीय स्पर्धेत नॉर्वेच्या मुली कांस्यपदकाचा सामना बिकिनीऐवजी आखूड चड्डीत खेळल्या. प्रत्येकीमागे 150, असा एकूण 1500 युरो दंड झाला. तेव्हा नियम असा होता, की बाईच्या बिकिनीची बाजूची पट्टी 10 सेंटिमीटरहून रुंद नको. पुरुषाची चड्डी मात्र गुडघ्याच्या 10 सेंटिमीटर वर थांबली की झालं. ते वाचताना माझी बोटं आपोआप मांडीवर गेली, त्या जुन्या कडेशी.

बोभाटा झाला, नियम बदलला. 2022पासून चड्डी चालू लागली. ती तंगच हवी, एवढं शेपूट ठेवलं.

तंग कपड्यांशी माझं भांडण नाही. जिम्नॅस्टला फडफडतं कापड नडतं. 2021च्याच जुलैत टोकियोला जर्मनीच्या जिम्नॅस्ट मुली घोट्यापर्यंतच्या पोशाखात उतरल्या, तोही अंगाला चिकटूनच बसणारा. नियमात त्याची मुभा आधीपासून होती, पण ऑलिंपिकमध्ये तो घालायचं त्यांनी स्वतः ठरवलं. आम्हाला मात्र कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर बोटभर लांब कापड मागितलं असतं, एवढंच.

परवा संध्याकाळी मैदानाशी थांबले. मुलींचा सराव चालला होता. कुणी गुडघ्यापर्यंतच्या पँटमध्ये, कुणी आत लेगिंग घातलेली. खांबाजवळ बसलेल्या बारक्या पोरीचे दोन्ही तळवे मातीत रोवलेले होते. खो पडला. ती उठली कधी ते कळलंच नाही. मातीत तिच्या दहाही बोटांचे ठसे होते.