मंडईपासून कोर्टापर्यंत

पुण्याच्या मंडईची अष्टकोनी मनोऱ्याची दगडी इमारत १८८६ साली उभी राहिली. तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव होते. या इमारतीवरील खर्चाला विरोध करून तोच पैसा शिक्षणाला लावा, असे सांगणारे महात्मा फुले. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने तिला त्यांचेच नाव मिळाले.

मंडईभोवतीच्या पेठांत जुने वाडे आहेत. एकेका खोलीत भाडेकरूंच्या दोन-तीन पिढ्या गेल्या. मालक बदलतो, वाडा पाडायचे ठरते आणि एके दिवशी बेलिफ समन्स घेऊन दारात उभा राहतो. घर गांगरते. कोणी कागद घेतच नाही, कोणी घेऊन फडताळात टाकतो. घर हातचे जायला तिथूनच सुरुवात होते.

मंडईच्या भुयारी मेट्रोत बसले, की कसबा पेठेनंतर जिल्हा न्यायालयाचे स्थानक येते. २९ सप्टेंबर २०२४ पासून ही सोय झाली. प्रवास दोन स्थानकांचा. दावा मात्र वर्षानुवर्षे चालतो. त्याचे टप्पे आपल्याला ठाऊक हवेत. ते समजून घ्यायला महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्याइतके चांगले उदाहरण आम्हांला दुसरे दिसत नाही. सत्याग्रह सर्वांना माहीत आहे. पण त्यानंतर बाबासाहेब स्वतः दिवाणी दाव्यात प्रतिवादी होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

पहिला टप्पा वादपत्राचा. वादी आपले म्हणणे लेखी दाखल करतो. महाडच्या स्पृश्यांनी डिसेंबर १९२७ मध्ये दावा लावला आणि निकाल लागेपर्यंत तळ्यावर जाण्यास तात्पुरती मनाई मागितली. १४ डिसेंबरला ती मिळाली. परिषदेला हजारो लोक जमले असतानाही बाबासाहेबांनी मनाईहुकूम मोडला नाही. ते कोर्टात लढले आणि २३ फेब्रुवारी १९२८ रोजी मनाई उठली.

दुसरा टप्पा कैफियतीचा, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराचा. आजच्या कायद्याने समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत ती द्यावी लागते. सबळ कारण असल्यास कोर्ट ९० दिवसांपर्यंत मुदत देऊ शकते. हजरच झालो नाही, तर दावा एकतर्फी चालतो.

मग कोर्ट मुद्दे काढते. तळे खाजगी की सार्वजनिक? अस्पृश्यांना मज्जाव करण्याची पुरातन वहिवाट होती काय? ज्याचा दावा, त्याने तो शाबीत करायचा. त्यानंतर पुरावा, साक्षीदारांची उलटतपासणी, दोन्ही बाजूंचा युक्तिवाद आणि निकाल. वाड्याच्या दाव्यात पुरावा म्हणजे भाडेपावत्या, वीजबिल, रेशनकार्ड. ते जपून ठेवा.

महाडच्या कोर्टाचा निकाल ८ जून १९३१ रोजी लागला, वादी हरले. त्यांनी ठाण्याच्या कोर्टात अपील केले, ते १९३३ मध्ये फेटाळले गेले. मग ते हायकोर्टात गेले. १७ मार्च १९३७ रोजी तिथेही ते हरले, कारण पुरातन वहिवाट त्यांना शाबीत करता आली नाही. जवळजवळ दहा वर्षे लागली, पण प्रतिवादींनी एकही टप्पा सोडला नाही.

निकालाने सारे संपतेच असे नाही. हरलेल्याला मुदतीत अपील करता येते. जिंकूनही समोरचा हुकूमनामा पाळत नसेल, तर त्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त द्यावी लागते.

वकिलाला पैसे कुठून आणायचे, असे भगिनी विचारतात. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना मोफत वकील मिळतो. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या सवलती लागू आहेत. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

तेव्हा बंधुभगिनींनो, दारात समन्स आले तर ते घ्या, वाचा, त्यावरची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि त्या दिवशी कोर्टात हजर राहा. समोरच्याकडे पैसा असेल. आपल्याकडे निदान हजेरी आणि कागद तरी पक्के असले पाहिजेत.