भिंतीवरची गाडी

२ फेब्रुवारी २०१७, गुरुवार
गुरुवार, म्हणजे एमआयडीसीत लाईट नाही. कॉम्प्रेसर गप्प. सलीमला सुट्टी दिली.
दुपारी मोबाइलवर बातमी. टाटांनी नवा ब्रँड काढला, टॅमो. पहिली गाडी पुढच्या महिन्यात जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये. म्हणे दोन सिटांची स्पोर्ट्स कार.
अण्णांना सांगितलं. "कितव्यांदा?" एवढंच म्हणाले.

३ फेब्रुवारी
अण्णांनी ट्रंकेतून कात्रण काढून दिलं. टाटांचीच एरिया. २००० साली जिनिव्हाला, उघड्या छताची. २००१ला तीच बंद छताची. कागद घडीवर फाटलाय.
अण्णा तेव्हा पिंपरीला टाटांच्या प्रेस शॉपमध्ये. दोन्ही गाड्या त्यांनी कात्रणातच पाहिल्या. त्या गाड्यांचा एक पत्राही त्यांच्या प्रेसखाली कधी आला नाही.

१९ फेब्रुवारी
खोक्याच्या पुठ्ठ्यावर चार-पाच आकार काढून पाहिले. इंजिन कुठे बसवतात त्यावर सगळं आहे. पुढे असेल तर नाक लांब, बसणारा मागे रेललेला. पाठीमागे असेल तर माणसं पुढे सरकतात आणि गाडी उडीच्या बेतात दिसते.
मला उडीच्या बेतातली हवी.

२४ फेब्रुवारी
स्विफ्टचं मागचं दार. दोन दिवस हातोडी-डॉली. पुट्टी कमीत कमी. प्रायमरवर पाणी मारलं, ट्यूबलाईट लावली. पाणी मारलं की प्रायमरचाही आरसा होतो. ट्यूबची पांढरी पट्टी दारावरून सरळ वाहिली, हँडलखाली येऊन मुरडली. तिथे अजून पोट होतं. बोटांना लागलं नव्हतं, पट्टीला दिसलं.
पुन्हा घासलं.

७ मार्च, मंगळवार
आली. रेसमो.
दुपारपासून काम नाही केलं. सलीम दोनदा विचारून गेला, शेठ, बंपर लावू का? लाव म्हटलं. कुठला ते विचारलं नाही.
इंजिन माणसांच्या पाठीमागे! १.२ लिटर, टर्बो, पेट्रोल. १९० पीएस. सहा सेकंदांच्या आत शंभर. दारं वर उघडतात. लांबी चार मीटरच्या आत.
घरी जाऊन लेकीच्या, मुक्ताच्या टॅबवर मोठी करून पाहिली. रात्री साडेबारा.

८ मार्च
पेपरात फोटो एवढासा. कापून ठेवला. अण्णांच्या कात्रणाशेजारी नाही, वेगळा.

९ मार्च, गुरुवार
लाईट नाही, म्हणून सावकाश लिहितो.
आवडलं: पुढचा-मागचा लोंबता भाग जवळजवळ नाहीच. चाकं कोपऱ्यात. मागची चाकं मोठी, १८ इंची, पुढची १७. त्यामुळे उभी असतानाही कंबर वर, नाक खाली.
आवडलं: लहान आहे. लोक म्हणतील, एवढ्याशा गाडीला काय बघायचं. अंगावर जास्तीचा पत्रा नाही, हेच बघायचं.
खटकलं: दारामागे, जिथून इंजिनला हवा जाते, तिथे फार रेषा. एक दारावरून येते, एक छतावरून उतरते, तिसरी चाकाच्या कमानीवरून. तिघी एकाच वळचणीला. एक काढा.
इटलीत आखलीय, ट्यूरिनच्या स्टुडिओत. टाटांचे डिझाइन स्टुडिओ तीन. पुणे, इंग्लंडात कॉव्हेन्ट्री आणि हा. सगळ्यांवर प्रताप बोस. आपल्या गॅरेजपासून पिंपरी सात किलोमीटर, पण रेष ट्यूरिनहून आली.
असो. पत्र्याला गाव नसतं.

१२ मार्च, रविवार
गॅरेजची मागची भिंत रिकामी होती. टायरचे रॅक सरकवले. मास्किंग टेप घेतली, अर्ध्या इंचाची.
आधी जमीन. मग दोन चाकं. दोरीला खडू बांधून गोल काढले. मग छताची रेष, एका दमात. टेप ताणून धरायची, डाव्या हाताच्या अंगठ्याने बसवत जायचं. दम मध्ये सोडला की रेषेला गुडघा येतो. सहाव्या वेळी जमली.
पूर्ण आकारात काढली. उभं राहून पाहिलं. छत माझ्या छातीशी येतं.

१३ मार्च
सलीम: "शेठ, हे कोणाचं काम आलंय?"

१९ मार्च
मुक्ता डबा घेऊन आली. भिंतीकडे बघत राहिली. "पप्पा, तुम्ही हे कुठे शिकलात? मोठ्या स्टुडिओत असंच करतात. टेप ड्रॉइंग म्हणतात."
म्हटलं, आम्ही रोज करतो. फक्त नंतर टेप काढून टाकतो.

२८ मार्च, पाडवा
गॅरेजला गुढी. साखरेची गाठी कॉम्प्रेसरला.
दारामागची तिसरी रेष काढून टाकली. सुटसुटीत झाली. माझ्या मते ट्यूरिनवाल्यांपेक्षा बरी.

२ एप्रिल
नाही. बरी नाही झाली.
लांबून पाहिलं तर दारामागे मोठं मैदान पडलंय. त्यात नजर घसरते, कुठे अडत नाही. झोळ पडल्यासारखं वाटतं. तिकडे पत्रा असता तर पोकळ वाजला असता. बोट दाबलं की आत, सोडलं की टप्पकन बाहेर. जुन्या ओम्नीच्या दाराला किती वेळा केलंय. पत्र्याला घडी दिली की तो ताठ होतो. घडी नटण्यासाठी नसते, हाड असतं ते.
तिसरी रेष परत लावली. तीन इंच खाली घेऊन.

३ एप्रिल
रेसमोची बॉडी पत्र्याची नाहीच. वाचलं, मोफ्लेक्स नावाचा सांगाडा, वेगवेगळ्या मटेरियलचं सँडविच. दोन पापुद्रे, मध्ये तिसरंच काही.
म्हणजे रेष हाडासाठी नव्हती. मग कशासाठी?
आणि ठोकली तर? हातोडी-डॉलीने सरळ व्हायची नाही. आख्खं पॅनेल बदलायचं. बदलायला पान्हा लागतो, हात लागत नाही.

४ एप्रिल
मी तिची वाट बघतोय. तिला माझी गरज पडू नये अशीच तिची बांधणी. गंमत आहे.

१६ एप्रिल
उकाडा. पत्र्याची शेड तापलीय. एक टिपर, दोन वॅगनआर.
जुनी आठवण. पणजीहून एक गिऱ्हाईक सॅन स्टॉर्म घेऊन आलं होतं. गोव्यात बनलेली, दोन सिटांची, उघडी. पुढचा मडगार्ड फुटलेला. मी सवयीने हातोडी उचलली. तो ओरडला, "अहो, फायबर आहे!" मग चटई कापायला, रेझिन मिसळायला शिकलो. तीन वेळा बिघडलं. आठ दिवस हाताला खाज.
शिकता येतं, एवढंच.

७ मे
१८ गेजचा पत्रा आणला. रेसमोची मागची कमान ठोकून बघतो. फक्त चाकावरचा भाग. वाळूच्या पोत्यावर, लाकडी हातोडीने.

२१ मे
दोन रविवार गेले. फुगवटा आला, पण मध्यावर सुरकुती. पत्रा ताणताना एका जागी जास्त मारला. तापवून आवळायला लागेल.
बायको म्हणाली, "पैसे कोण देणार याचे?"

४ जून
पावसाआधीचं काम संपत नाही. कमान तशीच पोत्यावर.

१८ जून
माउलींची पालखी दिघीवरून पुढे गेली. रस्ते बंद. गॅरेज दुपारी उघडलं. शेडखाली दहा-बारा वारकरी पावसामुळे टेकले होते. एक आजोबा भिंतीजवळ गेले. "माशासारखं काढलंय," म्हणाले.
खरंच, लांबून मासा दिसतो. नाकापासून शेपटापर्यंत कुठे थांबत नाही.

१ जुलै
आजपासून जीएसटी. रंगाच्या दुकानात सगळे एकमेकांना विचारतायत. कोणालाच माहीत नाही.

२३ जुलै
हवेत ओल. क्लिअर मारला की पांढरट पडतो. होंडा सिटीचं बॉनेट तीनदा. सलीम वैतागलाय. मीही.
रेसमोचं काही नवीन नाही. मार्चमध्ये जेवढं सांगितलं तेवढंच. फोर्झा होरायझन ३ या गेममध्येही येणार असं तेव्हा म्हणाले होते. मुक्ताच्या मैत्रिणीकडे तो गेम आहे. विचार म्हटलं. विसरते.

२५ ऑगस्ट
गणपती बसले. अण्णांना आरतीचं ताट दिसलं नाही, हात निरांजनावर गेला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. किती दिवस सांगत नव्हते.

३ सप्टेंबर
अण्णांना गॅरेजवर आणलं. कमान हातात दिली. सांगितलं नाही काय आहे.
तळवा सपाट ठेवून एकदा फिरवला. बोटांनी नाही, तळव्याने. मग उलट दिशेने. "इथे घाई केलीस," म्हणाले. तीच सुरकुतीची जागा. मी तापवून, आवळून, फायलीने घासून ठेवली होती. ट्यूबलाईटला सापडली नव्हती.
"कुठल्या गाडीचं?"
"अजून आली नाही."
परत एकदा हात फिरवला. "चाकावर छान बसलंय."

२१ सप्टेंबर
नेक्सॉन आली बाजारात. तेच १.२ टर्बो पेट्रोल, इथे ११० पीएस. खिडक्यांखालून एक पांढरा पट्टा मागे जातो आणि वर चढतो. पहिल्यांदा बघितलं तर काहीतरी चिकटवल्यासारखा वाटतो. पाचव्यांदा त्याच्यावाचून गाडी चालत नाही.
रंगवताना मात्र त्या कडेला मास्किंग करताना जीव जाणार.

२७ सप्टेंबर
दसऱ्याची सफेदी. सलीमला सांगितलं, मागची भिंत सोड.

२९ सप्टेंबर, खंडेनवमी
हातोड्या, डॉल्या, गन, ग्राइंडर सगळं मांडलं. हळद-कुंकू. कमानही ठेवली शेजारी. ती हत्यार नाही, पण ठेवली.

१२ नोव्हेंबर
अण्णांचं उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. हिरवी पट्टी. डावा पुढच्या वर्षी.

९ डिसेंबर
पहिली नेक्सॉन आली. मागून रिक्षा लागलीय. पांढरा पट्टा वाचला. गिऱ्हाइकाआधी मी सुटकेचा निःश्वास सोडला.

३० डिसेंबर
रात्री साडेआठला छोटा हत्ती घेऊन एक भाजीवाला. फूटबोर्ड कुजून भोक पडलंय, पहाटे मार्केट यार्डला जायचंय. १८ गेजचा तुकडा हवा होता. दुकानं बंद.
कमान कापली. फुगवटा ठोकून सपाट केला. वेल्डिंग, रेड ऑक्साइड. दोनशे रुपये घेतले.

३१ डिसेंबर
काही नाही.

११ फेब्रुवारी २०१८
एक गिऱ्हाईक दिल्लीचा ऑटो एक्स्पो बघून आलं. टाटांच्या एच५एक्सवर फिदा. फोन पुढे करून दाखवत होता. चाकं केवढी, खांदा केवढा. ४५एक्सपण चांगली म्हणाला, हॅचबॅक. पाहिली. बाजू स्वच्छ आहे, एकच रेष, तीही नीट ताणलेली. ही करणार ते.
विचारलं, रेसमो?
"ती आपल्याला काय करायची, राव?"

६ मार्च
पुन्हा जिनिव्हा. यंदा ई-व्हिजन. चार दारांची सेडान, विजेवर चालणारी. शांत गाडी. आरडाओरडा नाही, खांदा मोठा, पत्रा मोकळा सोडलाय. मोकळा सोडूनही झोळ नाही. कसं केलं ते बघायला हवं.
बातमी दोनदा वाचली. रेसमोचं नाव शोधत होतो.

७ मार्च
वर्ष झालं.

१८ मार्च, पाडवा
झाडलोट. मागच्या भिंतीवरची टेप वाळून कडक झालेली. एक टोक सुटून पंख्याच्या वाऱ्यावर फडफडत होतं. ओढलं तर छताची आख्खी रेष एका दमात निघाली. मग बाकीच्याही काढल्या.
खाली जुना चुना, पांढरा. भोवती वर्षभराच्या गाड्यांच्या रंगाची उडालेली धूळ. सिल्व्हर, पांढरा, थोडा लाल, खाली टिपरचा पिवळा. जिथे टेप होती तेवढीच भिंत कोरी.
सलीम म्हणाला, "पुसू?"
थांब म्हटलं.

२५ मार्च
अण्णा आले. उजव्या डोळ्याला नवा चष्मा. खुर्ची घेऊन भिंतीसमोर बसले. चहा गार झाला.
"मागची रेष दोन बोटं खाली हवी होती."
उठून फोटोशी ताडून मोजली. दीड.