वाघ न पाहता

दुसऱ्यांच्या चुका काढून मी पोट भरतो. धंदा ऐकला की माणसे जरा सावरून बसतात. आमचे मामा मात्र दर दिवाळीला मूलच्या घरी, ओसरीवर सुपारी कातरता कातरता, तोच प्रश्न विचारतात, "बापू, तू पुण्याले करतं तरी काय रे?"

मामांची उमर वनखात्यात वनमजुरी करण्यात गेली. यंदा मी नेट लावून सांगितले. संगणकाला द्यायच्या आज्ञांची चोपडी असते. कोणी ती कुलुपात ठेवतो, तर कोणी चावडीवर मांडतो. कोणीही वाचावी, वापरावी, सुधारावी. या चावडीवरच्या चोपडीला ओपन सोर्स म्हणतात. तिच्यातली चूक शोधायची एक रीत म्हणजे आज्ञा चालवून पाहणे. दुसरी रीत, न चालवता नुसती वाचणे, आणि तेही दुसऱ्या आज्ञावलीकडून. हे स्टॅटिक अ‍ॅनालिसिस. ती प्रत्येक फाटा कागदावरच चालून जाते. फाईल रिकामी निघाली तर? घेतलेली जागा परत केल्यावर पुन्हा तिथेच हात घातला तर? आपल्या मुंबईच्या आयआयटीतल्या उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांनी 2009 साली या विद्येवर एक जाडजूड ग्रंथच लिहिला आहे.

मामांचा अडकित्ता थांबला. "म्हणजे वाघ न पायताच माग काढतं म्हण की!"

इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आले नव्हते.

"पण खोटं ओरडते का तुह्यं ते?"

ओरडते, आणि फार ओरडते. बेल लॅब्सच्या स्टीफन जॉन्सन यांनी अशा एका वाचकाचे नावच 'लिंट' ठेवले, म्हणजे कपड्याला चिकटलेली कापसाची लव! शिवाय कोणत्याही आज्ञावलीच्या वागण्याबद्दल कधीच न चुकणारा वाचक बनवता येत नाही, हे हेन्री राइस यांनी 1953 सालीच सिद्ध केले. खोटे ओरडावे, नाहीतर खऱ्या वेळी गप्प बसावे, एवढेच हाती उरते. 2014 साली ओपनएसएसएलमध्ये 'हार्टब्लीड' ही चूक सापडली. दोन वर्षे ती चावडीवर उघडी पडली होती, आणि नामांकित वाचक गप्प होते.

मग मी मनातले सांगून टाकले. एका ओपन सोर्स चोपडीवर मला तीनशे इशारे मिळाले होते. पहिले चाळीस खोटे निघाले. मी कंटाळलो आणि उरलेल्या सर्वांवर 'खोटे' असा शिक्का मारला. चार महिन्यांनी ती वापरणाऱ्या एका दवाखान्याचे रजिस्टर भर दुपारी बंद पडले, रुग्ण ताटकळले. चूक माझ्याच शिक्क्याखाली निजली होती.

मामा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "चितळ भेकड. पान वाजलं तरी ओरडते. वानर झाडावरून पाहून बोलते. मोहफुलाच्या दिवसांत बाया वाकून वेचतात, तवा मी पुढं राहो. रोज चितळ ओरडे, रोज मी जाऊन पाहो. काहीच नसे, बाया हासत. एका सकाळी वाटेवर पंजा दिसला, ताजा. दव पडल्यावर उमटलेला. बायाइले माघारी फिरवलं. दिवसाचा मोह बुडाला, शिव्या खाल्ल्या."

"वाघ दिसला?"

"नाही. पण बाया सगळ्या घरी आल्या."

त्या रात्री पणत्या विझल्यावर मी ओसरीवर लॅपटॉप उघडला आणि एक्केचाळिसाव्या इशाऱ्यापासून वाचू लागलो. शिक्का न मारता प्रत्येक जागेवर जाऊन पाहिले. भाऊबीजेपर्यंत यादी संपली. आणखी दोन चुका खऱ्या निघाल्या. दुरुस्त्या करून त्या चोपडीच्या राखणदारांकडे धाडल्या.

निघताना मामांनी विचारले, "निंगाला का रे वाघ?"

"नाही मामा. दोन बिबटे."

मामा समाधानाने हसले आणि त्यांनी सुपारीचे खांड माझ्या हातावर ठेवले.