विषय जन्मण्यापूर्वीचा विद्यार्थी

१/
१९५६ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील केस इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अठरा वर्षांचा डोनाल्ड कनूथ भौतिकशास्त्र शिकण्यासाठी दाखल झाला. पुढे ज्या विषयाचा तो आचार्य मानला गेला, त्या संगणकशास्त्राचा अमेरिकेतील पहिला स्वतंत्र विभाग पर्ड्यू विद्यापीठात निघाला तो १९६२ साली. मग हा विषय त्याला शिकवला कोणी?

२/
शिक्षण चालू असताना तो सांख्यिकीच्या कामासाठी पंचकार्डे लावण्याची अर्धवेळ नोकरी करी. शेजारीच काचेआड आयबीएम ६५० हा संगणक होता. त्याची स्मृती म्हणजे वेगाने फिरणारा एक चुंबकीय दंडगोल. त्यावर दहा अंकी अशा २,००० संख्या मावत. विशेष म्हणजे, केसमध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांनाही या यंत्राला हात लावण्याची मुभा होती.

३/
यंत्राची माहितीपुस्तिका हेच त्याचे पहिले पाठ्यपुस्तक. ती वाचताना त्याला जाणवले, की तिच्यातील नमुन्यादाखल दिलेले प्रोग्राम याहून चांगले लिहिता येतील. त्याने स्वतः लिहिलेला पहिला प्रोग्राम संख्येचे मूळ अवयव शोधणारा होता. थोड्याच काळात फुली-गोळा खेळता खेळता शिकणारा प्रोग्रामही त्याने रचला.

४/
दुसरे शिक्षण इतरांचे प्रोग्राम ओळीने वाचण्यातून झाले. ॲलन पर्लिस आणि सहकाऱ्यांचा 'आयटी' कंपायलर, स्टॅन पोली यांचा 'सोप' असेंब्लर ही त्याची मूळ साधने. इतिहासाच्या अभ्यासकांना ही पद्धत परकी वाटू नये. 'आयटी'चा विस्तार करून केसमध्ये 'रन्सिबल' हा कंपायलर तयार झाला आणि त्यावरील कनूथचा लेख १९५९ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा तो अजून पदवीधरही नव्हता.

५/
१९६० साली प्राध्यापकांच्या विशेष निर्णयाने त्याला बी.एस. आणि एम.एस. या दोन्ही पदव्या एकदमच मिळाल्या. त्या उन्हाळ्यात बरोज कंपनीसाठी कंपायलर लिहून त्याने ५,५०० डॉलर मिळवले. पुढे तो कॅलिफोर्नियातील कॅलटेकमध्ये गणिताच्या पीएच.डी.साठी गेला.

६/
येथे एक मोह समोर आला. कंपायलर लिहून देण्यासाठी एका कंपनीने १,००,००० डॉलर देऊ केले. उन्हाळ्यातील कमाईच्या अठरापट ही रक्कम! संशोधक विद्यार्थ्याने ती नाकारली आणि अभ्यास चालू ठेवला. अध्यापनाचा मार्ग त्याने पर्याय नाही म्हणून धरला नव्हता, हे या नकारावरून दिसते.

७/
जानेवारी १९६२ मध्ये ॲडिसन-वेस्ली या प्रकाशनसंस्थेने त्याला कंपायलरवर पुस्तक लिहिण्यास सांगितले. त्याने बारा प्रकरणांचा आराखडा आखला. १९६३ साली पीएच.डी. पूर्ण होताच तो कॅलटेकमध्येच गणिताचा साहाय्यक प्राध्यापक झाला. शिकवणे आणि लिहिणे बरोबरीने चालले. हस्तलिखित सुमारे ३,००० पानांवर गेले आणि एका पुस्तकाचे अनेक खंड करावे लागले.

८/
'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रामिंग'चा पहिला खंड १९६८ साली निघाला. विद्यार्थी कोणत्याही एका कंपनीच्या यंत्राला बांधला जाऊ नये म्हणून त्यात 'मिक्स' नावाचा काल्पनिक संगणक योजला आहे. प्रत्येक स्वाध्यायापुढे त्याच्या काठिण्याचा अंक आहे: शून्याजवळचा प्रश्न क्षणात सुटणारा, पन्नासचा प्रश्न संशोधकांनाही न सुटलेला. एकट्याने शिकणाऱ्याला आपण कुठे अडणार आहोत, हे आधी कळावे, ही तजवीज स्वतः तसे शिकलेल्या माणसाचीच. हा ग्रंथ त्याने केसमधील त्या ६५० संगणकालाच अर्पण केला आहे.

९/
संगणकाचा इतिहास बहुधा यंत्रांच्या आणि कंपन्यांच्या नावांनी सांगितला जातो. परंतु यंत्र विकत घेता येते, विषय विकत घेता येत नाही. तो कोणीतरी क्रमाने मांडून पुढच्याला शिकवावा लागतो. जुन्या माहितीपुस्तिका, वर्गातील टिपणे आणि प्रोग्रामांचे कागद रद्दीत न जाता अभिलेखागारात जायला हवेत, ते याचसाठी. एखादी विद्याशाखा कशी उभी राहिली, याचा पुरावा तेथेच सापडतो.